राजाच्या मरणाचं रेकॉर्डिंग

१२ एप्रिल, शनिवार

आजपासून रोजनिशी. माणूस पुढे मोठा झाला की लोक विचारतात, सुरुवात कशी झाली? तेव्हा नेमकं आठवत नाही. माझी तशी पंचाईत होऊ नये.

सकाळी नांदेडहून यासेरचा फोन. यासेर माझा पॉलिटेक्निकपासूनचा दोस्त. तो आणि त्याची बहीण नाजिया मिळून एक कॉम्प्युटर गेम बनवतायत, 'राखेचा किल्ला'. एका जुन्या परदेशी गेमवर आमचा सगळ्यांचा जीव. कंपनीनं त्याचा पुढचा भाग काढला नाही, म्हणून ह्या दोघांनी तो मराठीत, हौसेनं, फुकट काढायचं ठरवलंय. नाजिया संवाद लिहिते, यासेर बाकीचं सगळं करतो. फक्त आवाज नाहीत. राजा, सेनापती, दासी, रडणाऱ्या बायका. यासेर म्हणाला, मियाँ, लातुरात कोणी बोलणारे भेटतील का? मी म्हणालो, माझी टीम तयारच आहे.

टीम तयार नाही. पण लातुरात बोलणाऱ्यांची कमी नाही, एवढा भाग खरा आहे.

माझं पद: व्हॉइस डायरेक्टर. काम: हौशी आवाज शोधणे, घडवणे.

खरा मुद्दा पुढेच आहे. हैदराबादची एक कंपनी मोबाइलवरचे गेम मराठीत आणणार आहे. त्यांना आवाज शोधून तयार करणारा माणूस पाहिजे. पगारी. यासेरची तिथे ओळख आहे, आपला नमुना तो त्यांना ऐकवणार. म्हणजे जुलैपर्यंत मी हैदराबादला.

नोंदीसाठी: मी घरजावई नाही. नांदेडचं माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान बंद पडल्यावर लातूरला सासऱ्यांकडे तात्पुरता मुक्काम केला आहे. पोळ्याला दोन वर्षं होतील.

उज्वलाला हैदराबादचं सांगितलं. ती म्हणाली, बरं. आणि इस्त्री करत राहिली. बायकोला मोठी बातमी पचायला वेळ लागतो.

१५ एप्रिल, मंगळवार

माडीवर स्टुडिओ उभारला. बाज उभी करून तिच्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या, मध्ये माइक. मामा वर आले. मामा म्हणजे माझे सासरे, चन्नबसप्पा. बी-बियाणं आणि खतांचं दुकान गंजगोलाईजवळ, आवाज गंजगोलाईच्या पलीकडे. म्हणाले, गोधड्या वाळू घातल्या का जावईबापू? मी म्हणालो, हा साउंडप्रूफ बूथ आहे. ते म्हणाले, हाव का. मग दुकानात कवा येता?

मामांना माझं काम समजत नाही. दुकानात माझं काम काय आहे ते मलाही समजत नाही. मामा एका खुर्चीवर बसतात, मी दुसऱ्या. गिऱ्हाईक मामांशी बोलतं. मी पंखा लावतो आणि बंद करतो. दुपारी जेवायला घरी, मामांच्या स्कूटरवर, मागे. पुन्हा दुकान. संध्याकाळी पुन्हा स्कूटर, पुन्हा मागे.

संकल्प: रोज एक ऑडिशन.

२१ एप्रिल, सोमवार

ऑडिशन झाली नाही. लग्नसराई, कुणाला वेळ नाही. मलाही गरम होतं.

यासेरनं विचारलं, टीममध्ये किती लोक आहेत? तोंडातून 'बारा' निघून गेलं. तो एवढा खूश झाला की दुरुस्त करणं वाईट दिसलं असतं.

२६ एप्रिल, शनिवार

पहिलं रत्न! रामलिंग. मार्केट यार्डात सोयाबीनच्या सौद्यात बोली पुकारतो. यार्डाच्या ह्या गेटपासून त्या गेटपर्यंत आवाज. सेनापती म्हणून जन्माला आलेला माणूस.

माडीवर आणला, गरम पाणी दिलं, श्वासाचे व्यायाम सांगितले. माइकपुढे उभा राहिला आणि त्याचा आवाज गेला. देवळात बोलतात तसा बोलायला लागला. मी म्हणालो, मोठ्यानं! तो म्हणाला, समोर कोणी वरडायलाच न्हाई तर मी कुणावर वरडू? फार आग्रह केल्यावर एकदा ओरडला: किल्ला सोडणार नाही, चार हजार दोनशे, चार हजार दोनशे, चार हजार दोनशे दहा!

सवयीनं. कच्चा हिरा आहे, घडवावा लागेल.

३ मे, शनिवार

दुसरं रत्न: पंचशीलाताई. एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात. उच्चार काचेसारखे स्वच्छ. त्यांना दासीचं वाक्य दिलं, 'राणीसाहेब, शत्रू दारात आला.' त्यांनी ते असं म्हटलं की शत्रू फलाट क्रमांक सहावर लागला आहे असं वाटावं. मी म्हणालो, ताई, घाबरा. त्या म्हणाल्या, पंधरा वर्षं झाली, गाडी चुको न्हाईतर ब्रेकडाउन होवो, घाबरायचं न्हाई हीच तर आमची नोकरी.

राजाचा आवाज मी स्वतः देऊन पाहिला. यासेरला पाठवला. त्यानं लगेच फोन करून विचारलं, तब्येत बरी हाय ना मियाँ? मित्र काळजी करतो. बरं वाटलं.

टीम: दोन. उरले दहा.

१० मे, शनिवार

मामांनी जेवताना जाहीर केलं की आता सीझन आलं, मृगापर्यंत माडीबिडी बंद, सकाळपासून दुकानात बसायचं. मी म्हणालो, माझी हैदराबादची डेडलाइन आहे. मामा म्हणाले, सोयाबीनची पण हाय. मामी हसल्या. मामी म्हणजे नीलम्मा, माझ्या सासूबाई, ज्या एरवी माझ्या बाजूच्या आहेत. उज्वला हसली नाही. तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, अमर, दोन वर्षांत पहिल्यांदा तुला कशासाठी तरी पळताना बघून राहिले मी, नीट कर. मला एकदम भरून आलं. भाकरी जास्त झाली.

हे घर चांगलं आहे, हीच ह्याची अडचण आहे. कोणी जा म्हणत नाही, कोणी ये म्हणत नाही. सकाळी उठलो की चप्पल दारात, स्कूटर दारात, मामा स्कूटरवर. माझा आणि दिवसाचा काही संबंध नाही. हैदराबाद झालं नाही तर मी पंखा लावत म्हातारा होईन. असं लिहायचं नव्हतं. हैदराबाद होणारच आहे.

१९ मे, सोमवार

नाजियानं नमुन्यासाठी प्रसंग निवडला: राजा मरतो आणि किल्ल्यातल्या बायका शोक करतात. म्हणाली, अमरभाई, बाकी काही नसलं तरी चालेल, पण रडणं खरं पाहिजे. नाटकातलं नको. मी म्हणालो, हातचा मळ आहे.

आहेच. आमच्या गल्लीत सिंधुमावशी राहतात. कुठे मयत झाली की लोक आधी सिंधुमावशींना बोलावतात. गेलेल्या माणसाचे गुण एकेक करून, सूर लावून अशा गातात की भांडून बोलणं सोडलेले भाऊसुद्धा गळ्यात गळा घालतात. आजवर त्यांची कला कुणी ओळखली नाही. मी ओळखली.

योग: गुरुवारी मामा-मामी उदगीरला मामींच्या बहिणीकडे. उज्वला तिच्या ऑफिसात, कोचिंग क्लासच्या चौकशी खिडकीवर. घर रिकामं.

२१ मे, बुधवार

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'उद्या सकाळी आमच्या माडीवर रेकॉर्डिंग. गर्दीच्या आवाजासाठी महिला हव्यात. चहा मिळेल.' एक अंगठा आला. तोही चुकून असावा.

२२ मे, गुरुवार, सकाळी

मामा-मामी गेले. सिंधुमावशी आल्या. मामांचा फोन चार्जिंगला लावलेला घरीच राहिलाय आणि सारखा वाजतोय. शांतता हवी म्हणून बंद केला. माझाही बंद. प्रोफेशनल.

मावशींनी नाजियाचा कागद बाजूला ठेवला. विचारलं, मेलंय कोण? मी म्हणालो, राजा. त्या म्हणाल्या, नाव काय? शेती किती? लेकीबाळी किती? बायकोशी कसा होता? मला काहीच सांगता येईना. त्या म्हणाल्या, असं बिनओळखीच्या माणसाला रडता येत न्हाई बाबा, नाव घेतल्याबिगर गळा फुटत न्हाई. मग मला सुचलं. कलाकाराला जवळची आठवण द्यायची असते, व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणालो, तुमच्या माहितीतला कोणताही मोठा माणूस धरा. त्या म्हणाल्या, तुमच्या सासऱ्याला धरू का? चाळीस वर्षांचा शेजार हाय.

मी म्हणालो, उत्तम. नाव नंतर कापता येतं.

खिडक्या उघड्या ठेवल्या. लाइट गेली होती, लॅपटॉप बॅटरीवर, गोधड्यांत जीव गुदमरत होता. मावशींना सांगितलं, पूर्ण ताकदीनं. गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं पाहिजे.

साडेदहा

अप्रतिम. अप्रतिम! पहिल्याच हाकेला माझ्या अंगावर काटा. 'चन्नबसप्पा अण्णा, कुठं गेलास रे' म्हणाल्या आणि खाली कुत्रं भुंकायचं थांबलं.

अकरा

ग्रुपवरच्या मेसेजचा परिणाम! बायका यायला लागल्या. न बोलावता पदर डोळ्याला. मावशींच्या मागे सगळ्यांनी सूर धरला. ह्याला म्हणतात गर्दीचा आवाज. मी जिन्यात उभा राहून खुणा करतोय, अजून जोरात, अजून. एका काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, पोराचं डोकं ठिकाणावर न्हाई. कलेत बुडालेल्या माणसाला लोक असंच म्हणतात.

साडेअकरा

पुरुषही आले. मार्केट यार्डातले लोक. मठाचे जंगमस्वामी आले. एवढा मोठा माणूस माझ्या रेकॉर्डिंगला! कोणीतरी हातांची मोठी लाकडी खुर्ची आणून अंगणात ठेवली. डायरेक्टरची खुर्ची. संकोच वाटला, पण बसलो. सगळे माझ्याकडे बघत राहिले. एकजण भलामोठा हार घेऊन पुढे आला आणि इकडेतिकडे बघायला लागला, तेव्हा मी मान वाकवली. तो मोठ्यानं रडायला लागला.

सत्कार जरा लवकर होतोय, पण नाही म्हणणं बरं नव्हे.

पाऊण

सोयऱ्यांकडून भाकऱ्यांचं गाठोडं आणि पिठलं आलं. युनिटच्या जेवणाची सोय लोकांनी आपणहून केली. मी चहाच सांगितला होता. पुण्याच्या स्टुडिओत हे होईल का?

संध्याकाळी

काय झालं ते लिहिलं पाहिजे.

एक वाजता उज्वला आली. कुठून तरी ऑफिसात निरोप गेला होता. मी तिला जिन्यातून अंगठा दाखवला, म्हणजे सगळं मस्त चाललंय. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, अप्पांना कुठं ठेवलंय? मी म्हणालो, कोणत्या अप्पांना? मग माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पायात चप्पल नव्हती. क्लासपासून घरापर्यंत मे महिन्याच्या डांबरी रस्त्यावरून ती तशीच आली होती.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला खुर्चीवर बसवून, हार घालून नेतात. त्या घरात चूल पेटत नाही, सोयरे भाकरी आणतात. मी लहानपणापासून हे बघत आलोय. आणि त्याच खुर्चीत मी बसलो होतो, गळ्यात त्यांचा हार घालून.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात ऑटो थांबली. मामा आणि मामी, फोन घरी राहिला म्हणून लवकर परतलेले. मामांनी गर्दी पाहिली, स्वामींना पाहिलं, खुर्ची पाहिली. मग जो आवाज लावला तो मी जन्मात विसरणार नाही. माझ्या घरात मेलंय कोण? मला न विचारता मेलंय कोण?

दोन बायका तिथेच कोसळल्या. सिंधुमावशी म्हणाल्या, अण्णा, तुम्हीच.

उज्वला वडिलांच्या गळ्यात पडून रडली, आणि ते रडणं माइकसाठी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतंय. रेकॉर्डिंग चालूच होतं हे मला नंतर लक्षात आलं.

२३ मे, शुक्रवार

मामांसाठी काल यार्डातला सौदा थांबला होता. आज दुकानात माणसं मामांना हात लावून बघायला येतायत. मामा माझ्याशी बोलत नाहीत. उज्वला आईच्या खोलीत झोपते. मामी ताट वाढतात आणि म्हणतात, जेवा, मेलेल्याच्या घरचं हाय.

संकल्प: रेकॉर्डिंग पुसून टाकणार. हैदराबाद, गेम, सगळं बंद.

दुपारी

यासेरला पाठवून दिलं. पुसण्याआधी मित्राचं मत घ्यायला हरकत नव्हती. त्याचा फोन आला तेव्हा मागे नाजिया रडत होती. यासेर म्हणाला, मियाँ, ही बाई कोण हाय? आणि शेवटी वरडणारे बुजुर्ग कोण? हाच आपला राजा! कुठून शोधला?

मी म्हणालो, बरेच महिने मागावर होतो.

२७ मे, मंगळवार

संध्याकाळी मामा माडीवर आले. मी उभाच राहिलो. ते खिडकीच्या काठावर बसले, थोडा वेळ गोधड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, सिंधु काय म्हणली ते लाव जरा.

लावलं. मावशी म्हणत होत्या, 'छावणीतल्या जनावरांला सोताच्या गाडीतून कडबा नेऊन टाकलास रे अण्णा. लातूरला आगगाडीनं पाणी आलं त्या साली आपला बोर समद्या गल्लीला मोकळा केलास. एकुलती एक लेक, तिला तळहातावर जपून शिकवलीस. नीलम्माला कधी चढ्या आवाजात बोलला न्हाईस.' इथे मामा म्हणाले, हे खोटं हाय. मग म्हणाले, पुन्हा लाव. तीनदा ऐकलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग म्हणाले, माणसाला हे ऐकायला भेटत न्हाई. मला भेटलं.

मला वाटलं, मला माफ केलं. तर जाताना म्हणाले, ते शेवटी मी वरडलो ते लई वंगाळ आलंय. रविवारी नीट करू.

४ जून, बुधवार

रविवारचं रेकॉर्डिंग झालं. मामा = राजा. माझं दिग्दर्शन त्यांनी घेतलं नाही. मी म्हणालो, मामा, पोटातून आवाज काढा. ते म्हणाले, मग इतके दिवस कुठून काढतो? उज्वला कोपऱ्यात बसली होती, माझ्याशी अजून मोजकंच बोलते. ती म्हणाली, अप्पा, समजा त्या बियाण्याच्या कंपनीचा माणूस दुकानात आलाय आणि म्हणतोय की उगवलं नाही तर शेतकऱ्याची चूक. मामांनी एकाच दमात राजाचं सगळं भाषण ठोकलं. शेजारच्या घरातलं पोर रडायला लागलं.

मी उज्वलाला म्हणालो, बघ, माझ्या बाजूला बसून बसून तुलाही यायला लागलं.

९ जून, सोमवार

उज्वलानं रामलिंगला पुन्हा बोलावलं. स्वतः त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याच्याविरुद्ध बोली लावायला लागली. रामलिंगला चेव आला. किल्ला सोडणार नाही म्हणून असा गर्जला की बाजेवरची गोधडी खाली आली. आकडा एकही नाही. पंचशीलाताईंना ती म्हणाली, ताई, समजा शेवटची गाडी तुमच्या गावाची हाय, आई स्टँडवर अजून पोचली न्हाई, आणि गाडी सोडायची घोषणा तुम्हालाच करायची हाय. ताईंचा आवाज पहिल्या शब्दाला थरथरला. नंतर त्या बराच वेळ पाणी पीत बसल्या.

मी माइक धरला होता. माइक स्थिर धरणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही.

टीम वाढत चाललीय. लोक आता स्वतःहून येतात, पण उज्वला घरी आहे का असं विचारतात. मी व्यवस्थापनाचा भाग तिच्याकडे सोपवलाय, म्हणजे मला व्यापक विचाराला वेळ मिळतो. व्यापक विचार मी सध्या दुकानात बसून करतो.

१४ जून, शनिवार

नमुना हैदराबादला गेला. बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. हैदराबादमध्ये कोणत्या भागात राहावं ह्याचा नकाशावर अभ्यास. उज्वलाला म्हणालो, आपण दोघंच. स्वतःचं दार, स्वतःचं कुलूप. ती म्हणाली, खरंच जाऊ रे. बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. आता कोणी आडवं येऊ शकत नाही.

२७ जून, शुक्रवार

हैदराबादचं उत्तर आलं!!! त्यांना आवडलंय. फारच आवडलंय.

यासेर फोनवर अडखळत बोलत होता. मी म्हणालो, बोल मियाँ, बॅग भरलेली आहे. तो म्हणाला, त्यांना राजा पाहिजे. रडणारी मावशी पाहिजे. मी म्हणालो, बरोबर. तो म्हणाला, आणि ह्या लोकांकडून जिनं काम करून घेतलं, ती पाहिजे. त्यांनी रेकॉर्डिंगच्या मधली बोलणी पण ऐकली, मी कापायची विसरलो होतो. उज्वलाभाभीला नोकरी द्यायला तयार हायत, सध्या दिवाळीपर्यंत.

मी विचारलं, आणि मी? तो म्हणाला, तुझं नाव येईलच ना कुठंतरी.

नेटवर्क खराब होतं असं सांगून फोन ठेवला.

१ जुलै, मंगळवार

घरात बैठक. मामा आधी नाहीच म्हणाले, मग आरशासमोर उभं राहून फेटा बांधून बघितला, मग म्हणाले की गेलं तर पाहिजे. मामी म्हणाल्या, ह्यांच्या पथ्याचं कोण बघंल, मी येणारच. सिंधुमावशींची तयारी आधीच झाली होती. उज्वला म्हणाली, अमर पण चल ना. मनापासून म्हणाली, मी ओळखतो. माझा चेहरा उजळला असणार.

मग मामा म्हणाले, दुकान?

 पेरण्या झाल्यात, आता युरिया, आता फवारणी, अळी पडायचे दिवस. सगळे माझ्याकडे बघायला लागले. उज्वलानं एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिनं मला थांब म्हटलं नाही. ती फक्त खाली बघत राहिली, आणि मला तिचा आनंद मोडवेना. सकाळी जिना उतरताना सुद्धा ती गुणगुणत होती, दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हणालो, मी आहे ना.

हा सर्वस्वी माझा निर्णय.

६ जुलै, रविवार

गेले. सगळ्यांना रेल्वे स्टेशनवर पोचवलं. माझी पुसलेली बॅग उज्वलानं नेली, तिला मोठी लागत होती. मामांनी गाडी सुटताना खिडकीतून दुकानाच्या चाव्या दिल्या आणि म्हणाले, आता तुम्हीच शेठ. एवढा मान त्यांनी मला कधी दिला नव्हता. घरी येऊन एकट्यानं जेवलो. भाजीत मीठ नव्हतं, पण सांगायचं कुणाला?

उद्यापासून शिस्त. सकाळी दुकान, संध्याकाळी नव्या आवाजांचा शोध.

९ जुलै, बुधवार

शोध नाही. युरियाला रांग.

१५ जुलै, मंगळवार

पुन्हा युरियाला रांग. उज्वलाचा फोन. तिथे तिच्या हाताखाली सहा जण आहेत. मामांचा आवाज एका म्हाताऱ्या वाघाला दिलाय. मामा हिंडतात, बिर्याणी खात नाहीत पण वास घेऊन येतात. ती म्हणाली, तू काय करून राहिलास? मी म्हणालो, खूप काही चाललंय, सविस्तर सांगेन. मागून कुणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारली.

२४ जुलै, गुरुवार

दुपारी यासेरचा फोन. गेम पूर्ण झालाय, शनिवारी लोकांसाठी खुला. फक्त एक आवाज राहिलाय. किल्ल्याच्या तळघरात एक कैदी असतो, खेळणारा भिंतीजवळून गेला की आतून ऐकू येतो. एकच वाक्य. यासेर म्हणाला, तूच दे मियाँ, आता कोण उरलंय तिथं?

मी म्हणालो, मला तयारीला आठवडा लागेल. कैद्याचं बालपण, गुन्हा, सगळं उभं करावं लागेल. तो म्हणाला, नक्को, आत्ता फोनवर बोल, बंद जागेत जा फक्त.

दुकानात गिऱ्हाईक. म्हणून मागच्या गोदामात गेलो. दोन्हीकडे छतापर्यंत पोती, मध्ये एका माणसापुरती वाट. शटर खाली ओढलं. अंधार. खताच्या वासानं डोळ्यांतून पाणी. श्वासाचा व्यायाम करायचा राहिला. फोन तोंडाशी धरला आणि म्हणालो, कोणी आहे का? मला इथून बाहेर काढा.

 मी म्हणालो, रीटेक घेऊ? यासेर हळूच म्हणाला, नक्को मियाँ. झालं. नाजिया म्हणतेय की एवढं खरं आख्ख्या गेममध्ये कोणीच बोललेलं न्हाई.

पहिल्याच टेकमध्ये. तेही विनादिग्दर्शक. म्हणजे मुळात मी नट होतो, हे मला कळायला उशीर झाला. आता त्या दिशेनं जोरात प्रयत्न.

बाहेरून हमालानं शटर वर केलं. म्हणाला, शेठ, हाक मारली का?

मी म्हणालो, नाही. आलाच आहेस तर युरियाची दोन पोती बाहेर काढ.